मोडी वाचणारा आधी, यंत्र मागून

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन तऱ्हेचे संदेश येतात. एकात असतं, 'आता एआयला मराठी शिकवा, पेशवे दफ्तर यंत्राकडून वाचून घ्या.' दुसऱ्यात कोणाच्या तरी मुलाला डेटा सायन्सला प्रवेश मिळाल्याचे पेढे, आणि बीएला गेलेल्या भाचीबद्दल 'पण पुढे स्कोप काय?' ही काळजी. दोन्ही पाठवणारी माणसं पुष्कळदा एकच असतात. मोडी लिपीतलं ते दफ्तर वाचून हवंय, पण वाचणारं आपल्या घरातलं नको.

मी लाइपझिगला राहतो. इथल्या विद्यापीठात डिजिटल ह्युमॅनिटीजमध्ये एम.एस्सी. करता येतं, तेच मी केलं. इतिहास, भाषा, साहित्य यांचे प्रश्न घ्यायचे आणि ते संगणकाच्या मदतीने सोडवायचे, असा हा विषय. वर्गात निम्मे संगणकवाले, निम्मे इतिहास-साहित्यवाले.

जर्मनांचंही एक मोडी आहे. कुरेंट नावाचं जुनं हस्ताक्षराचं वळण, ज्यातला 'ई' आजच्या डोळ्यांना सरळ 'एन' दिसतो. १९४१ मध्ये नाझी सरकारने ते शाळांतून काढून टाकलं, आणि आज बहुतेक जर्मनांना पणजोबांची पत्रं वाचता येत नाहीत. इन्सब्रुक विद्यापीठातून निघालेलं ट्रान्सक्रिबस हे साधन ती वाचतं, आणि बरंच चांगलं वाचतं. सरावाच्या पत्रांत शंभर अक्षरांमागे तीन-चार चुका होत्या. संगणकवाले खूश. इतिहासवाल्यांनी मात्र चुका पडल्यात कुठे ते पाहिलं. 'आणि', 'तुमचा', 'प्रिय' सगळे बरोबर. घोळ होता तो गावाच्या नावात, आडनावात, रकमेत. साहजिकच आहे. वारंवार येणारे शब्द यंत्राला पाठ होतात, आणि इतिहासकाराला नेमकं तेच हवं असतं जे एकदाच येतं.

आता हेच मोडीला लावून पाहा. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग शक्यतो हात न उचलता लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. साल असतं सुहूर सनातलं, म्हणजे अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिल्या जाणाऱ्या जुन्या कालगणनेतलं. 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे ११७६, म्हणजे इसवीचं १७७५-७६. 'सबैन'च्या (सत्तर) जागी 'तिसैन' (नव्वद) वाचलं गेलं की पत्र वीस वर्षं पुढे सरकतं, आणि सवाई माधवराव तान्हे असतानाचा मजकूर त्यांच्या अखेरच्या वर्षात जाऊन बसतो. टक्केवारीत ही चूक दिसणारसुद्धा नाही. ती पकडायला सुहूर सन येणारा माणूसच लागतो.

आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीचं देवनागरी करणारं मॉडेल पुढे आणलं. स्तुत्य काम आहे. पण त्यामागे तज्ज्ञांनी लिप्यंतर केलेल्या प्रतिमा होत्या दोन हजारांच्या आसपास, आणि पुण्याच्या दफ्तरात कोट्यवधी कागद रुमालात बांधलेले आहेत. संगणक कमी पडत नाहीत, तपासून दिलेली पानं कमी पडतात.

त्यातली काही पानं खरं तर तयार आहेत. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड त्याआधीचे. छापील मजकूर आणि मूळ कागद यांच्या जोड्या लावल्या तर यंत्राला शिकवायला केवढं साहित्य मिळेल! मात्र ते जसंच्या तसं ओतून चालणार नाही. संपादकांनी कुठे शब्द तोडले, कुठे काय गाळलं, हे मोडी येणाऱ्याने ओळीगणिक पाहावं लागेल.

असं काम आपल्याकडे कधी झालंच नाही, असंही नाही. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत चालली, १२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. श्लोकातलं अक्षर न अक्षर तक्त्यातल्या वेगळ्या चौकोनात मांडायचं आणि खाली प्रत्येक हस्तलिखिताचा पाठभेद. याला आज डेटासेट म्हणतील. करणारे सगळे, आज ज्यांना 'स्कोप काय?' विचारतात, त्याच विषयांतले होते.

इथे सगळं गोजिरवाणं आहे असं नाही. लाइपझिगला शिकवणी शुल्क नाही हे खरं, पण व्हिसासाठी वर्षाचे जवळपास बारा हजार युरो आधी खात्यात अडकवून ठेवावे लागतात. पुढे नोकरी मिळते ती दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पावर. माझ्याबरोबरचे बरेचजण कंटाळून सॉफ्टवेअरमध्ये गेले. तेव्हा हा अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलून नव्या शैक्षणिक धोरणाच्या नावाखाली आपल्याकडे बसवू नये, असं मला वाटतं. मला धास्ती आहे ती पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या चार पेपरांना 'भारतीय वारसा' नावाचा एक पेपर चिकटवण्याची. पायथन आमच्या इतिहासवाल्या मुली वर्षभरात कामापुरतं शिकल्या. उलट दिशेने तेवढ्या वेळात कोणी कुरेंट वाचायला लागल्याचं मी पाहिलेलं नाही.

पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, भारत इतिहास संशोधक मंडळात जाणकार आहेत. माझ्या ओळखीचे दोघेतिघे हौसेने मोडी शिकले आणि विसरले, कारण शिकल्यावर वाचायला कोणी बोलावलंच नाही. डेटा सायन्सच्या नव्या प्रयोगशाळेचा आराखडा करताना अशा दहा-वीस जणांचं पानामागे मानधन त्यात धरावं, आणि त्यांनी तपासलेली पानं कोणालाही उतरवून घेता येतील अशी खुली ठेवावीत. लिप्यंतर करणाऱ्याचं नावही त्या पानावर असावं.