फोटो बघून कर्ज देताय? जरा मधली संस्थाही बघा

कीवासारख्या साइटवर, म्हणजे जिथे आपण जगभरातल्या गरजू छोट्या कर्जदारांसाठी थोडे पैसे बिनव्याजी उसने देतो तिथे, २५ डॉलर नक्की कुणाला द्यायचे यावर लोक जेवढा वेळ घालवतात ना, त्यातला बराचसा चुकीच्या पानावर जातो असं माझं स्पष्ट मत आहे. चेहरा बघायचा, गोष्ट वाचायची, तीन मुलं आहेत आणि शिलाई मशीन घ्यायचंय म्हटल्यावर मन विरघळतं आणि बटण दाबून मोकळे. त्यात वाईट काही नाही, माणसाचं तसंच होणार. पण ती जी बाई बघून आपण विरघळलो तिला बहुतेक वेळा पैसे आधीच मिळालेले असतात!

हो, खरंच. तिथली स्थानिक संस्था, ज्याला फील्ड पार्टनर म्हणतात, ती कर्ज आधी देऊन टाकते, मग तिचं पान साइटवर चढतं आणि आपले पैसे जातात ते त्या संस्थेने घातलेली रक्कम भरून काढायला. पैसे कधी दिले ती तारीख कर्जाच्या पानावर असते, लपवाछपवी नाही, फक्त तेवढं खाली कोणी जात नाही. कीवा सुरू झालं २००५ ला, आणि २००९ मध्ये डेव्हिड रूडमन या अभ्यासकाने हे सगळं उलगडून लिहिलं तेव्हा बरीच खळबळ झाली, साइटवरचा मजकूरही बदलावा लागला. मला स्वतःला ही पद्धत चुकीची वाटत नाही. ज्याला आज माल भरायचाय त्याला महिनाभर जगभरातल्या लोकांच्या दयेवर ताटकळत ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण मग आपण काय निवडतोय हे तरी नीट कळायला हवं की नाही? आपण निवडतोय ती संस्था. ती कुणाला कर्ज देते, किती व्याजाने देते, हप्ता चुकला तर कशी वागते, ते.

आणि चेहऱ्यावर भरवसा ठेवला की काय होतं ते पण बघा. २०१५ मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला होता, कीवाच्याच डेटावर. दिसायला चांगले, गोरे आणि सडपातळ असलेल्या कर्जदारांकडे लोक जास्त झुकतात असं त्यात निघालं. कोणी मुद्दाम करत नसेल, पण होतं.

म्हणून मी आधी पार्टनरचं पान उघडते. तिथे रिस्क रेटिंगचे, म्हणजे त्या संस्थेत पैसे घालणं किती जोखमीचं आहे याचे, स्टार असतात, किती कर्जं थकलीत, किती बुडाली ते असतं आणि संस्था कर्जदाराकडून साधारण किती घेते तो आकडा असतो. आपल्याला व्याज शून्य मिळतं म्हणून कर्जदारालाही शून्यच पडतं असं धरून चालणारे खूप आहेत. नाही हो! तो आकडा ३० टक्क्यांच्या वर दिसला की लोक सावकारी सावकारी म्हणून ओरडतात, पण थोडं गणित करा. समजा एका कर्जामागे चौकशी, कागदपत्रं, वसुलीच्या फेऱ्या मिळून ४० डॉलर खर्च येतो. २,००० डॉलरच्या कर्जावर तो २ टक्के झाला, २०० डॉलरच्या कर्जावर थेट २० टक्के. छोटं कर्ज महागच पडतं, दुर्गम भागात अजून महाग. त्यामुळे नुसता आकडा बघून नाक मुरडू नका, त्याच देशातल्या, तेवढीच छोटी कर्जं देणाऱ्या दुसऱ्या संस्थेशी ताडून बघा. आणि फ्लॅट रेट लिहिलेला असेल तर डोळे उघडे ठेवा. वर्षभराचं कर्ज, दर महिन्याला हप्ता, १० टक्के फ्लॅट म्हणजे खरा दर जवळपास १८ टक्के, कारण मुद्दल कमी होत जातं तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवरच मोजलेलं असतं.

शंभर टक्के वसुली बघून लगेच खूश होऊ नका हे अजून एक. कधीकधी बुडीत कर्ज संस्था स्वतःच्या खिशातून भरते, कधी एकत्र कर्ज घेतलेल्या गटातल्या बाकीच्या बायकांवर दडपण येतं, कधी एक कर्ज फेडायला दुसरीकडून दुसरं काढलेलं असतं. निकाराग्वात २००८-०९ ला कर्जदारांनी नो पागो म्हणजे फेडणार नाही असं म्हणत आंदोलनच उभं केलं होतं, त्याच्या आधी कर्जवाटप जोरात चाललेलं. थोडी थकबाकी दाखवणारी संस्था मला उलट जास्त प्रामाणिक वाटते.

मग कर्जदाराचं काहीच बघायचं नाही का? बघायचं, पण गोष्टीपेक्षा हप्त्यांचं वेळापत्रक बघायचं. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं आणि यावर कोणी बोलतच नाही. रोज माल आणून रोज विकणाऱ्याला महिन्याचा हप्ता जमतो, त्याला खेळतं भांडवलच हवं असतं. पण गाभण गाय घेणाऱ्या बाईला पहिल्याच महिन्यापासून हप्ता लावला असेल तर ती तो भरणार कशातून? गाय व्यायची आहे, दूध सुरू व्हायचंय, म्हणजे हप्ता दुसऱ्याच कुठल्यातरी कमाईतून किंवा उसनवारीतून जाणार. याउलट शेतीच्या कर्जावर सगळी फेड मुदतीच्या शेवटी, पीक निघाल्यावर, असं दिसलं की समजायचं कर्ज आखणाऱ्याने शेती बघितलीय. एवढ्या एका ओळीवरून संस्था कळते.

गटकर्जाचं पण तेच, फोटोत ज्या बाईने हात वर केलेला असतो तिचीच गोष्ट लिहिलेली असते, पैसे मात्र सगळ्या गटाचे, आणि त्यातल्या बाकीच्या कशासाठी घेतायत ते बरेचदा कळतच नाही.

आणि पाचव्यांदा कर्ज घेतेय म्हणून कोणाला बाद करू नका. रक्कम हळूहळू वाढत असेल तर धंदा वाढतोय असं दिसतं, तेवढीच रक्कम परत परत असेल तर कदाचित तिला तेवढंच लागतं. सगळ्यांनी कारखाना काढायचा असतो का?

अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकांना कीवावर थेट कर्ज मिळतं तो प्रकार वेगळा. तिथे कर्जदारालाही व्याज नाही, पण आधी त्याने स्वतःच्या ओळखीतले काही लोक पैसे द्यायला तयार करून दाखवायचे. मध्ये वसुलीला पार्टनर नाही, त्यामुळे बुडालं तर बुडालं. तिथे मात्र गोष्ट आणि माणूस दोन्ही अगदी बारकाईने वाचा, कारण तिथे तुम्ही खरोखर माणूस निवडताय.

अपेक्षाही जरा जमिनीवर ठेवा. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को अशा सहा देशांतले अभ्यास २०१५ मध्ये एकत्र छापून आले, त्यात सूक्ष्मकर्जाचा, म्हणजे अशा छोट्या कर्जांचा, फायदा थोडाफार दिसला, पण आयुष्य पालटलं असं सरसकट काही निघालं नाही. मी तरीही पैसे टाकते. अडीअडचणीला कुणाकडे तरी हात पसरण्यापेक्षा ठरलेल्या हप्त्याचं कर्ज मिळणं ही सोय आहे आणि सोयीलाही किंमत असते, गरिबी हटली नाही म्हणून ती फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

फक्त परत आलेले पैसे डोळे झाकून त्याच पार्टनरकडे फिरवू नका, ऑटो सेटिंग असेल तर बंद करा. रेटिंग मधल्या काळात बदललेलं असतं, चलन घसरलं तर त्याचा काही तोटा आपल्यावर येऊ शकतो, तेही तिथेच लिहिलेलं असतं. पुन्हा एकदा पान उघडा, थकबाकी किती वाढलीय बघा आणि मग ठरवा.