निम्म्या आकड्यांचा आरोपी

आमच्या संकेतस्थळाचे पेजव्ह्यू, म्हणजे पाने उघडली गेल्याच्या नोंदी, रातोरात निम्म्यावर आले आणि ते मी आणले, असा ठपका काल भरबैठकीत माझ्यावर ठेवण्यात आला. आकडा मी खाली आणला हे खरेच आहे. परंतु तो मुळात तेवढा कधी नव्हताच, हे ऐकून घ्यायला कोणीही तयार नव्हते.

प्रकरण तसे किरकोळ आहे. भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सचा टॅग, म्हणजे मोजणीसाठी पानात घातलेला कोडचा तुकडा, आमच्या टेम्प्लेटमध्ये पहिल्यापासून होता. संकेतस्थळाला नवे रूप देणाऱ्या कंत्राटदाराने जुना टॅग न काढता त्याच मेझरमेंट आयडीचा, म्हणजे त्याच ठिकाणी नोंद करणारा, दुसरा टॅग गूगलच्या टॅग मॅनेजर या साधनातून लावला आणि बिल देऊन तो मोकळा झाला. ब्राउझरचा नेटवर्क टॅब, म्हणजे पान पाठवत असलेल्या विनंत्यांची यादी, उघडून 'कलेक्ट' हा शब्द टाकला की, एकच पान एकदाच उघडले तरी एकाच आयडीच्या दोन विनंत्या पाठोपाठ रवाना होताना दिसत. मी त्यांतला एक टॅग काढला आणि तो काढल्याचे ईमेलने कळवले. एवढ्यावर विषय मिटायला हवा होता.

तो मिटला नाही, कारण त्या खोट्या दुपटीवर आमच्याकडे अभिनंदनाचा ठराव झालेला होता. ज्या दिवशी नवे संकेतस्थळ सुरू झाले त्याच दिवशी आलेख उभा चढला, तेव्हा रंगसंगती लोकांना भावली असा निष्कर्ष निघाला. त्यातच बाउन्स रेट, म्हणजे न रमता परतणाऱ्या भेटींचे प्रमाण, जवळजवळ शून्यावर आला. ॲनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत एखादे सेशन, म्हणजे एक भेट, १० सेकंदांपेक्षा अधिक टिकले, किंवा त्यात २ पेजव्ह्यू झाले, किंवा एखादी महत्त्वाची कृती नोंदली गेली, तर ते 'रमलेले' धरले जाते. दुहेरी टॅगमुळे दोन पेजव्ह्यूंची अट पान उघडताक्षणीच पूर्ण होत असे. त्यामुळे चुकून आलेला आणि आल्या पावली परतलेला माणूसही आमच्या दप्तरी रमलेलाच ठरत होता. जिथून कोणीच पाठ फिरवत नाही असे संकेतस्थळ जगात असते का, हा प्रश्न इतक्या महिन्यांत एकालाही पडू नये, याचा मला अजूनही राग येतो.

बैठकीत मी हे सारे सांगत असताना लेखा विभागातील एक ज्येष्ठ गृहस्थ तिथे बसलेले होते. त्यांचा या विषयाशी काडीचाही संबंध नव्हता. ते साहेबांची एक सही घ्यायला आले होते आणि सही होईपर्यंत वेळ जावा म्हणून ऐकत होते. माझे संपताच त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "म्हणजे एका भेटीची नोंद दोनदा होत होती. मग यात बिघडले कुठे?"

मी म्हणालो, "दोनदा झाली, हेच बिघडले."

"अहो, आमच्याकडे प्रत्येक व्यवहाराची नोंद दोनदाच होते. एकदाच झाली तर ताळेबंद जुळत नाही."

"पण तुमच्याकडे एक नोंद नावे असते आणि दुसरी जमा."

"मग तुम्हीही एक नावे टाका आणि एक जमा करा. वाचक नावे, संकेतस्थळ जमा. टॅग काढून टाकायची काय गरज होती?"

ही चेष्टा असावी अशा आशेने मी इतरांकडे पाहिले, तर दोघेजण हे टिपून घेत होते. लुका पाचोली यांनी १४९४ साली दुहेरी नोंदीची पद्धत छापून मांडली, अशी माहिती गृहस्थांनी पुढे पुरवली आणि माझे हे ॲनालिटिक्स कोणत्या सालचे, असे विचारले. २००५, असे मी खालच्या आवाजात सांगितले. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त साहेबांकडे पाहिले. साहेबांनी मान डोलावली. पाचशे वर्षांच्या ज्येष्ठतेपुढे माझा नेटवर्क टॅब टिकण्यासारखा नव्हता.

वास्तविक पुरावा त्यांच्या समोरच्याच पडद्यावर होता. दोन्ही टॅग एकच कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण, वाचत असल्यामुळे वापरकर्त्यांची संख्या दुपटीच्या काळातही वाढलेली नव्हती आणि टॅग काढल्यावर घटलेलीही नव्हती. गूगल शोधातून येणारे क्लिक दाखवणारे सर्च कन्सोल आपले क्लिक या टॅगवर विसंबून मोजतच नाही. तिथली रेघ सबंध काळात जवळपास सपाट होती. माणसे तेवढीच येत होती, त्यांच्या पावलांची मोजणी तेवढी दोनदा होत होती. हे मी दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले. त्यावर जनसंपर्काच्या बाईंनी सुचवले की, आकडे वर न्यायचे असतील तर मेटा कीवर्ड्स, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेले शोधशब्द, भरावेत. शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी हा कीवर्ड्सचा टॅग आपण वापरत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. पण एव्हाना माझ्यातला सांगण्याचा उत्साह संपला होता. इतिवृत्तात 'पेजव्ह्यू पूर्ववत करणे' हे काम माझ्या नावावर चढले, आणि ते करण्याचा एकमेव खात्रीचा मार्ग मी नुकताच बंद केला होता.

त्यातही खरी डोकेदुखी पुढेच आहे. ॲनालिटिक्समध्ये एकदा नोंदले गेलेले आकडे मागे जाऊन दुरुस्त करता येत नाहीत. त्यामुळे ते फुगलेले महिने तसेच राहणार, पुढच्या वर्षीचा प्रत्येक अहवाल त्यांच्याशीच तुलना करणार, आणि दर महिन्याला घसरण लाल अक्षरांत माझ्यापुढे येणार. निदान वाचणाऱ्याला कारण कळावे म्हणून मी आलेखावर त्या तारखेला एक टिपण जोडले: 'दुहेरी टॅग काढला.' आज सकाळी साहेबांनी ते पाहिले, मजकूर योग्य असल्याचे सांगितले आणि त्यात कोणी काढला तेही स्पष्ट लिहावे, अशी सूचना केली.