पगडी दिसते, नाव दिसत नाही

रविवारी सकाळी आम्ही चौघे राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहून आलो आणि संध्याकाळी लालबागच्या नेहमीच्या कट्ट्यावर बसलो, तेव्हा तोच विषय पुन्हा निघाला. गणेशोत्सवाआधी आमच्या चाळीच्या सभागृहात गिरणगावातील, म्हणजे लालबाग-परळच्या कापडगिरण्यांच्या भागातील माणसांवर एक छोटे प्रदर्शन मांडायचे ठरले आहे, त्यामुळे शहरातील लोकांच्या गोष्टी कशा मांडाव्यात हा प्रश्न आमच्यासाठी नुसत्या गप्पांचा राहिलेला नव्हता.

सुरुवात नितीनने केली. वरच्या मजल्यावरच्या मातीच्या प्रतिकृती त्याच्या मनातून जात नव्हत्या. मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातिजमातींची माणसे तिथे त्यांच्या पोशाखासह आणि शिरोभूषणांसह उभी आहेत. त्या प्रत्येक पुतळ्याखाली जमातीचे किंवा धंद्याचे नाव आहे, माणसाचे मात्र नाही, असे नितीनचे म्हणणे होते. "मास्तर, आपल्याला कोणी असे काचेत उभे करून खाली फक्त 'गिरणी कामगार' असे लिहिले, तर तुम्हाला चालेल का?" असे त्याने विचारले.

मास्तरांनी चाळीस वर्षे इतिहास शिकवला आहे आणि त्यांना ही टीका उथळ वाटली. ते म्हणाले, "अरे, ते संग्रहालय 1872 साली लोकांसाठी खुले झाले. त्या काळात साहेबाला इथल्या माणसांचे वर्गीकरण करायचे होते, हे मला मान्य आहे. पण ज्या हातांनी त्या मूर्ती घडवल्या त्यांनी पागोट्याचा एकेक पीळ डोळे भरून पाहिला होता. ती पागोटी आज रस्त्यावर कुठे दिसतात? नावे नाहीत म्हणून ते सगळे निकालात काढायचे का?" मास्तरांचे हे म्हणणे मला पटले. निरीक्षणातही एक आदर असतो आणि तो त्या मूर्तींमध्ये नक्कीच आहे.

तरीही मी नितीनच्या बाजूने बोललो. आमच्या भागातल्या कामगारांना नावे होती आणि ती त्यांनी स्वतः कागदावर उमटवली होती. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली परळला कामगारांची सभा घेतली आणि आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार सह्या गोळा केल्या. रविवारची सुट्टी पदरात पडायला 10 जून 1890 उजाडावा लागला. म्हणजे ज्या शतकात संग्रहालय शहरातील माणसांकडे नमुने म्हणून पाहत होते, त्याच शतकात तिथून थोड्या अंतरावर हजारो माणसे आपापल्या नावानिशी काहीतरी मागत होती. आणि नावाचे महत्त्व संग्रहालयालाही ठाऊक आहे. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांची नावे उतरवून 1975 साली त्या वास्तूला भाऊ दाजींचे नाव दिले गेले, कारण ती उभी राहण्यासाठी झटलेल्या माणसांपैकी ते एक होते. जो न्याय भाऊ दाजींना मिळाला तो साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला का मिळू नये?

तोवर गप्प बसलेल्या अण्णांनी पिशवीतून धोटा, म्हणजे मागावर आडवे सूत नेणारी लाकडी नळी, काढून कट्ट्यावर ठेवला. होडीसारखा निमुळता, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण, आणि मधला भाग वर्षानुवर्षांच्या हाताळणीने इतका गुळगुळीत झालेला की दिव्याच्या उजेडात तो ओला वाटत होता. अण्णांनी त्याच्या बाजूचे बारीक छिद्र दाखवले. सूत गुंडाळलेली नवी कांडी भरली की सुताचे टोक या छिद्राला तोंड लावून ओढून घ्यावे लागे, पाळीत कितीतरी वेळा, आणि प्रत्येक वेळी सुताची धूळ छातीत जाई. "हे ठेवणार असाल तर खाली हेही लिहा. आणि 18 जानेवारी 1982, गिरण्यांचा संप सुरू झाला तो दिवस, लिहा. नुसता भोंगा, भजनी मंडळ आणि नारळी पौर्णिमा दाखवून लोकांना घरी पाठवणार असाल तर माझा धोटा मी देणार नाही," असे ते म्हणाले.

मास्तरांनी हळूच सुचवले की प्रदर्शन उत्सवाच्या दिवसांत आहे, लोक मुलाबाळांना घेऊन येतील. त्यावर अण्णांचा आवाज चढला. अडीच लाख कामगारांचा तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तेव्हा तो कोणत्या कोपऱ्यात लपवणार, असे त्यांनी विचारले. मास्तर थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "अण्णा, तुमचे बरोबर आहे. मधल्या भिंतीवर लावू."

एवढ्यात माई आल्या. त्यांच्या आईची खानावळ होती. गावी बायकामुले ठेवून कोकणातून आणि घाटावरून आलेले, एका गाळ्यात वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपणारे कामगार तिथे महिन्याच्या बोलीवर जेवत. अशा खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचून जात, म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे आम्हाला ठाऊक होते. पण माईंनी त्या दिवशी जे आणले ते आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. ती आईची वही होती. लाल कापडी पुठ्ठा, कडेला तेलाचे डाग, आणि प्रत्येक पानावर एका माणसाचे नाव, गाव, गिरणीतले खाते, जेवणाचे खाडे (न जेवलेले दिवस) आणि शेवटच्या रकान्यात बाकी. काही ठिकाणी 'गावी गेला, तेरा खाडे' असे लिहिले होते. 1982 च्या पानांवर खाड्यांचा रकाना कोरा होता आणि बाकीचा आकडा दर महिन्याला वाढत गेला होता. माईंची आई संपातही जेवण वाढत राहिली होती.

नितीन म्हणाला की आता दुसरे काही नको, हीच वही मधोमध उघडून ठेवू. मलाही क्षणभर तसेच वाटले, कारण मी ज्या नावांसाठी भांडत होतो ती समोर होती. पण मास्तरांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. यांतल्या कित्येकांची मुले-नातवंडे आजही याच गल्ल्यांत राहतात, आजोबांची उधारी भिंतीवर लागलेली त्यांना चालेल का, असे त्यांनी विचारले. अण्णांचे मत होते की ती उधारी लाजेची नसून मानाची आहे. मास्तर म्हणाले की ते आपण ठरवायचे नाही, ते त्यांनी ठरवायचे. मी म्हटले की रकाना झाकला तर वहीच मुकी होईल.

माईंनी वही स्वतःकडे ओढली. "दादा, तुम्ही चौघांनी भांडून काय होणार? ज्यांची नावे आहेत त्यांच्या घरी जाऊन विचारू या. हो म्हणतील त्यांचे पान उघडे ठेवू, नको म्हणतील त्यांचे मिटून ठेवू," असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी पहिले पान उलटले. त्यावरचे गाव सावंतवाडी होते, खाते साचेखाते, आणि ज्यांचे ते नाव होते त्यांचा मुलगा समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, हे अण्णांना माहीत होते. नितीनने मोबाइलवर त्याचा नंबर शोधायला सुरुवात केली.