‘सगळे ड्रॉवर करा, जागा दुप्पट’ म्हणे!

घोडबंदर रोडवर नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पाठोपाठ हा फॉरवर्ड येतोच: ‘कपाटात कप्पे नकोत, सगळे ड्रॉवर करा, जागा दुप्पट होईल. दारं सरकती घ्या. बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) प्लाय वापरा, बुरशी कायमची गेली. साड्या व्हॅक्यूम बॅगेत भरा.’ आमच्याकडे तो सुतारासमोर मोठ्यानं वाचला गेला, म्हणून लिहितेय.

दुप्पट? टेप घ्या. 18 इंच रुंद, 22 इंच खोल, 8 इंच उंच कप्पा म्हणजे 3168 घनइंच. त्यात ड्रॉवर बसवा. दोन्हीकडचे चॅनल (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या धातूच्या पट्ट्या) मिळून एक इंच, बाजूच्या पाट्यांचा आणखी एक. चॅनल 20 इंची, त्यात पुढची-मागची पाटी. शिवाय तळ आणि वरची फट. हाती उरतं 16 बाय 19 बाय 6, म्हणजे 1824. चाळीस टक्क्यांहून जास्त जागा गेली, वर चॅनलचे पैसे! तरी कमरेखाली दोन-तीन ड्रॉवर हवेतच; खालच्या कप्प्यात मागे गेलेला टॉवेल काढायला रोज कोण गुडघे टेकणार? डोळ्यांच्या वर मात्र लावलेत, तर आत काय आहे ते स्टुलावर चढून बघा.

सरकत्या दारांनी पलंगापुढची जागा वाचते, हे खरं. पण रुळ तीन-चार इंच खातात. बाहेरून 24 इंचांचं कपाट असेल तर शर्टांच्या बाह्या दाराला घासतात. कपाट तेवढं जास्त खोल करता येत नसेल तर बिजागरीची दारं बरी.

बुरशीचं तर विचारूच नका. बीडब्ल्यूपी प्लायवरचा आयएस 710 चा, म्हणजे भारतीय मानकाचा, शिक्का प्लायची हमी देतो: उकळत्या पाण्यातही थर सुटणार नाहीत. आतल्या कपड्यांची नाही. बुरशी धरते ती चामड्याच्या पट्ट्यावर, अर्धवट वाळलेल्या जीन्सवर. जुलैत ठाण्यात हवाच ओली, त्यात कपाट बाथरूमच्या भिंतीला चिकटवलेलं! आधी भिंतीची ओल बंद करा, मागे इंच-दीड इंच फट सोडा, उघडीप मिळाली की दारं उघडी टाका. प्लाय त्यानंतर निवडा.

व्हॅक्यूम बॅगेत रजया, स्वेटर खुशाल भरा. पैठणी नको, दाबून ठेवली की जरीवर घडीच्या रेघा बसतात. मऊ सुती कापडात गुंडाळा, दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. माझ्या सासूबाई पैठणी जुन्या धुवट धोतरात बांधून ठेवतात. त्याला ना चॅनल लागतं, ना पंप.