एसटीच्या हादऱ्यांनी इन्सुलिन तुटत नाही

ऊन तापू लागले की आमच्या वर्धा-यवतमाळकडच्या गावांत मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे की, तालुक्याहून एसटीने आणलेल्या इन्सुलिनचे रेणू हादऱ्यांनी तुटतात. उरलेसुरले बारीक सुईतून जाताना कातरले जातात, म्हणून जाड सुई घ्यावी. आणि बाटली कधीही हलवू नये. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि तिसरी तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

सुईचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यालाच शास्त्राचा मुलामा दिलेला आहे. नळीतून द्रव वाहताना मधला थर वेगाने जातो आणि भिंतीलगतचा जवळपास थांबलेला असतो. या फरकामुळे रेणूवर ताण येतो, एवढे खरे. पण तो किती, हे संदेशात कुठेच नाही. ३१ गेजच्या, म्हणजे इन्सुलिनसाठी वापरतात तशा बारीक सुईतून पाव मिलिलिटर औषध पाच सेकंदांत सोडले, तर भिंतीपाशी हा फरक सेकंदाला साधारण १ ते २ लाख या दराचा भरतो, आणि औषध सुईत असते ते जेमतेम काही सहस्रांश सेकंद. जॅस्पे आणि हेगन या अमेरिकेतील संशोधकांनी २००६ साली सायटोक्रोम-सी हे शंभरेक अमिनो आम्लांचे प्रथिन सुमारे २ लाखांच्या दराने वाहवून पाहिले, तरी त्याची घडी, म्हणजे रेणूची दुमडलेली रचना, उलगडली नाही. त्यांच्या हिशेबाने त्यासाठी १ कोटीच्या आसपासचा दर लागला असता. इन्सुलिन तर त्याहूनही लहान, अवघ्या ५१ अमिनो आम्लांचे आहे, आणि रेणू जितका लहान तितका प्रवाहाचा ताण त्याला कमी जाणवतो. रक्त गोठवण्यास मदत करणारा व्हॉन विलब्रँड घटक प्रवाहात उलगडतो, पण त्याच्या साखळ्या इन्सुलिनच्या हजारपटींहून जड असतात.

सिरिंजच्या रुंद नळीतून द्रव अरुंद सुईत शिरतो, तेथे मात्र वेगळा, ओढून लांबवणारा ताण पडतो. लीड्स विद्यापीठाच्या गटाने २०१७ साली अशा प्रवाहात काही प्रतिपिंडांच्या गुठळ्या होताना दाखवल्या, परंतु त्यासाठी तोच द्रव अरुंद वाटेतून पुन्हा पुन्हा ढकलला होता. आपण टोचतो ते एकदाच. जाड सुईने दुखणे तेवढे वाढेल.

हादऱ्यांचा मुद्दा सर्वस्वी निराधार नाही, मात्र त्याचे कारण भलतेच सांगितले आहे. इन्सुलिन सतत घुसळले तर ते बिघडते, पण ते प्रवाहाने कातरले जाते म्हणून नव्हे. हवा आणि द्रव जेथे भेटतात त्या पृष्ठभागावर रेणू जाऊन बसतात, तेथे त्यांची घडी सैल होते आणि ते एकमेकांना चिकटून तंतू बनतात. घुसळण्याने हा पृष्ठभाग पुन्हा पुन्हा नवा होत राहतो आणि उष्णतेने ही क्रिया वेग घेते. त्यामुळे भरलेल्या बंद बाटलीला तासाभराचा खडबडीत रस्ता फारसा बाधत नाही. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात डिक्कीत राहिलेली दुपार बाधते.

आता तिसरा सल्ला. ३०/७० सारखे (झटपट आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचे मिश्रण असलेले) दुधाळ इन्सुलिन ठेवून दिले की पांढरा साका तळाशी बसतो आणि वर पाणी निवळते. तशीच बाटली उचलून सिरिंज भरली, तर एखादा डोस हलका आणि एखादा भारी जातो, आणि भारी डोसाने साखर एकाएकी उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. बाटली तळहातांमध्ये दहा-बारा वेळा हळुवार फिरवून सारखी दुधाळ करावी; फेस येईल असे झटके देऊ नयेत.

फ्रिज नसेल, तर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ओल्या वाळूतल्या मडक्याचा चांगला उपयोग होतो. बाटली मात्र कोरड्या डबीत असावी. पावसाळी दमट हवेत मडके तितके थंड होत नाही. बर्फाला चिकटवून आणलेली बाटली गोठली असेल तर ती वापरू नये. नितळ असायला हवे ते इन्सुलिन गढूळ झाले किंवा त्यात तंतू दिसले, तर तारीख शिल्लक असली तरी ते टाकून द्यावे. उन्हाने कमजोर झालेले इन्सुलिन दिसायला कित्येकदा अगदी चांगले असते, म्हणून नेहमीच्या डोसावरही साखर सतत वर राहत असेल, तर परस्पर डोस वाढवण्याऐवजी डॉक्टरांना विचारावे आणि आधी बाटली बदलून पाहावी.