साहेबांपुढे ‘पण’ काढू नये

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं ठरलं असेल, तर आधी तोंडातला एक शब्द घरीच ठेवून निघा. ‘पण.’ ‘झोप लागते, पण...’ ‘डोकं शांत आहे, पण...’ या ‘पण’ने आजवर कुणाचं भलं केलेलं नाही. साहेबांचं पेन ‘लागते’पाशीच थांबलेलं असतं, कंपाउंडरने पुढच्या नंबराला हाक मारलेली असते, आणि तुमचा ‘पण’ टेबलावर बेवारस पडून राहतो.

हे मी लिथियमच्या, म्हणजे मनाचे टोकाचे चढ-उतार आवरणाऱ्या गोळीच्या, सात वर्षांच्या अनुभवावर सांगतोय. त्याआधी माझी काय दशा होती ते अख्ख्या अमळनेरला ठाऊक आहे. कापूस विकून आलेले पैसे आठ दिवसांत वाटून टाकले होते आणि रात्री दोन वाजता बोरी नदीच्या पुलावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांना आशीर्वाद देत होतो. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन महिन्यांत मी माणसांत आलो. त्यामुळे औषधाला शिव्या देणाऱ्यांतला मी नाही, आणि गोची तीच आहे. ज्याने पुलावरून घरी आणलं त्याला ‘साहेब, हात कापतात’ असं कुठल्या तोंडाने सांगणार? पंगतीत फुकट जेवायला बसायचं आणि वरण अळणी म्हणायचं, हे आपल्याकडे शोभत नाही.

तर शोभेल असं कसं वागायचं, ते ऐका.

सकाळची गाडी धरून जळगाव गाठा. नंबर लावा, चौसष्टावा लागेल. बाकावर बसताना रुमाल नाकापर्यंत ओढून घ्या, कारण शेजारी हमखास ओळखीचं माणूस निघतं. ‘काय भो, तू इकडे?’ ‘पाहुण्याला आणलंय. तू?’ ‘मी पण पाहुण्यालाच आणलंय.’ मग दोघांनी चार तास त्या दोन न दिसणाऱ्या पाहुण्यांची वाट बघत बसायचं. आत गेल्यावर तीन मिनिटं मिळतात. त्यातलं एक मिनिट फाइल सापडण्यात जातं, एक मेडिकलची चिठ्ठी लिहिण्यात. उरलेल्या मिनिटात साहेब विचारतात, ‘कसं आहे?’ याचं उत्तर ‘बरं आहे’. ही चौकशी नाही, हा नमस्कार आहे. नमस्काराला कुणी पोटदुखी सांगतं का?

एकदा मी चुकलो. जीभ घसरली आणि घरच्या बोलीत बोलून गेलो, ‘साहेब, मन्हा हात कापतस.’ साहेब म्हणाले, ‘मराठीत सांगा.’ मराठीत सांगेपर्यंत मिनिट संपलं.

सोबत घरचं माणूस न्याच. त्याचा मोठा फायदा असा की साहेब त्याच्याशी बोलतात, तुम्हाला बोलावं लागत नाही. माझ्यासोबत नाना यायचे. ‘जेवतो का हा?’ साहेब माझ्या डोक्यावरून विचारायचे. ‘मस्त जेवतो साहेब,’ नाना अभिमानाने सांगायचे, ‘पाच-पाच भाकरी.’ ते खरंच होतं. पहिल्या वर्षी लिथियमबरोबर ओलान्झापिनही होतं, आणि त्या गोळीवर भूक अशी लागते की भरीत-पुरीच्या जेवणावरून उठून माणूस घरी येतो आणि कळण्याची भाकरी मागतो. वर्षात चौदा किलो वाढलो. आता खान्देशात वजन वाढलेल्या माणसाला कुणी आजारी म्हणत नाही, ‘तब्येत खुलली’ म्हणतात. साहेबही म्हणाले, भूक लागणं हे बरं होण्याचं लक्षण, सकाळी फिरायला जात जा. या गोळीआधी वजन, कमरेचा घेर आणि साखर मोजून ठेवावी, मग ठरावीक काळाने पुन्हा मोजत राहावी, हे मानसोपचाराच्या पहिल्या धड्यांतलं आहे. पण (बघा, मीच काढला) धडा वेगळा आणि ओपीडी वेगळी. वजनकाटा होता, नाही असं नाही. त्यावर औषधांचे नमुने ठेवलेले असायचे.

आता या शास्त्राचा गाभा. तुम्ही म्हणालात, गोळी घेतल्यापासून पाय एका जागी राहत नाहीत, बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की चालावंसं, रात्री अंगणात दीडशे फेऱ्या होतात. आत कुणीतरी मोटर चालू करून ठेवलीय. ही काही औषधांची जुनी, नाव असलेली तक्रार आहे. अकाथिसिया म्हणतात तिला. डोस कमी करून, औषध बदलून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन ती आटोक्यात येते. पण तुम्ही रुग्ण आहात, तेव्हा तुमची ती ‘घबराट’. घबराट म्हणजे आजार वाढला, म्हणून डोस वाढवा. डोस वाढला की फेऱ्या वाढतात, फेऱ्या वाढल्या की आजार वाढला हे सिद्ध होतं. आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत, तर औषध लागू पडलंय, तोच डोस चालू ठेवा. असा पक्का हिशेब आमच्या बाजार समितीतल्या आडत्यालाही जमत नाही.

बायकांनी तर तोंड उघडूच नये. नात्यातल्या एका लेकीला रिस्पेरिडोन सुरू झालं, चार महिन्यांत पाळी बंद झाली. सासूने पेढे आणायची तयारी केली. तपासणीत काही निघालं नाही, मग लेकीच्या छातीतून दूध येऊ लागलं आणि घरात देवऋषी आला. या गोळीने प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढू शकतं आणि ते एका रक्ततपासणीत कळतं, हे त्या पोरीला सांगायला कुणाला वेळ झाला नाही. तिनेही विचारलं नाही. विचारणार कसं? तपासणीच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता, आणि पडद्याला लागून बसलेले चार पाहुणे कान देऊन होते. पुरुषांच्या बाबतीतल्या तशाच एका तक्रारीविषयी मी इथेही लिहिणार नाही. पडद्याची सवय.

कागद मात्र अजिबात नेऊ नका. कागदावर तारखा लिहून आणणारा रुग्ण साहेबांना आवडत नाही. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, त्रास त्याआधीचा की नंतरचा, दिवसातून किती वेळ राहतो, दुसऱ्या कुठल्या गोळ्या पोटात जातात, त्या त्रासाने कुठलं काम अडलं, हे सगळं अर्ध्या पानावर लिहून पहिल्याच वाक्याला पुढे सरकवलं, तर साहेबांना ते वाचावं लागतं. ‘गूगलवर वाचलं वाटतं?’ असं ते हसत म्हणतील, आणि अख्ख्या दवाखान्यासमोर तुम्ही उघडे पडाल. त्यापेक्षा ‘कसंतरी होतं’ म्हणा. ‘कसंतरी’वर आजवर कुणाचा डोस बदललेला नाही.

माझ्याकडे लिहिण्यासारखं होतं. बँकेत पैसे काढायची स्लिप भरली की कॅशियर नमुन्याची सही काढायचा, माझी सही शेजारी धरायचा आणि मान हलवायचा. नमुन्यातली सही वळणदार, ‘कु’चा उकार खाली झोकात गेलेला. समोरची सही म्हणजे कागदावरून गोगलगाय गेल्यासारखी. तीन वेळा स्लिप फाडली. चौथ्यांदा त्याने विचारलं, ‘तुम्हीच ना?’ मी म्हटलं, बहुतेक. हे मी साहेबांना सांगितलं होतं बरं का, ‘पण’ न वापरता. ते म्हणाले, ‘मोबाइलवरून व्यवहार करा ना. सही कशाला लागते?’

काही जणांना कायदा वाचायची खोड असते. अशांसाठी सावधगिरीची सूचना. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सालचा, 29 मे 2018 पासून लागू. त्याच्या कलम 22 मध्ये म्हटलंय की रुग्णाला आजाराची, उपचाराची आणि त्या उपचाराच्या माहीत असलेल्या दुष्परिणामांची माहिती मिळायचा हक्क आहे, आणि तीही त्याला समजेल त्या भाषेत. म्हणजे ‘मन्हा हात कापतस’ला उत्तरही कळेल अशा बोलीत मिळायला हवं होतं! कलम 25 म्हणतं आपले वैद्यकीय कागद मागता येतात, कलम 28 म्हणतं सेवेत कसूर झाली तर तक्रार करता येते. हे वाचून माणसाला उगाच ताठ बसावंसं वाटतं. 1800-180-3024 हा टोल-फ्री नंबरही फिरवू नका. तिथे औषधाच्या दुष्परिणामाची नोंद डॉक्टरच नव्हे, तुम्ही-आम्हीही करू शकतो, आणि आपला थरथरता हात देशाच्या नोंदवहीत गेला तर बरं दिसत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 तर रात्री-बेरात्रीही उचलतात, मराठीतही बोलतात. कशाला त्यांची झोप मोडायची?

दुसरा डॉक्टर गाठू म्हणाल, तर नकाशा बघा. राज्यातली जुनी चार मोठी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. तापीच्या खोऱ्याच्या वाट्याला एकही नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे जाऊन दुसरं मत घेता येतं, मात्र तिथल्या बाकावरही पाहुणे असतातच.

आता आमच्या भागाचा खास उपाय, जो मी दोन वर्षांपूर्वी केला. साहेबांना काही न सांगता गोळ्या बंद करायच्या. दोन्ही बाजूंनी अब्रू राहते. साहेब ‘चालू आहेत ना?’ विचारतात, आपण ‘हो’ म्हणतो, फाइलमध्ये सगळं सुरळीत. मी रोजची गोळी अंगणातल्या निंबाच्या बुडाशी टाकायचो. निंब शांत होता. लिथियम एकाएकी तोडलं की आजार उसळून येण्याची भीती फार मोठी, हे निंबाला माहीत असेल, मला नव्हतं. सहाव्या आठवड्यात पुतण्याच्या लग्नात मी बँडवाल्याला माझी मोटरसायकल बक्षीस दिली. नाना ती दुसऱ्या दिवशी शेवभाजीचं जेवण घालून परत आणायला गेले. साहेब म्हणाले, ‘आजारच चिवट आहे.’ डोस वाढला. निंबाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही विचारलं नाही.

मग आला मागचा मे महिना. भुसावळ-जळगावचा मे काय असतो, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे, डांबर चपलेला चिकटतं, कावळासुद्धा टाकीखालून हलत नाही. घरात पापड-बिबड्यांचा घाट, मी गच्चीवर राखणीला. दिवसभर घाम. त्यात कंबर धरली. मेडिकलवाल्याने डायक्लोफेनॅकची पट्टी दिली, ‘घ्या बिनधास्त.’ घेतली.

लिथियमचं असं आहे की मूत्रपिंड त्याला मिठासारखंच वागवतं. घामाने पाणी आणि मीठ गेलं की ते उरलेलं मीठ धरून ठेवतं आणि सोबत लिथियमही. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या त्यात आणखी भर घालतात. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 असावी, 1.5 च्या वर गेली की विषबाधेची भीती. ती मोजायची तर रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, आणि लेव्हल, मूत्रपिंड, थायरॉइड हे निदान सहा महिन्यांनी तरी बघायचं. माझी शेवटची लेव्हल दीड वर्षापूर्वीची. मागितली असती तर दिली असती, साहेब काही वाईट नाहीत. मी मागितली नाही. तपासणीचे पैसे वाचले.

1948 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टराने उन्मादावर लिथियम वापरलं, तेव्हा रुग्णाला देण्याआधी ते स्वतः खाऊन पाहिलं म्हणतात. त्याचा पहिला रुग्ण बरा होऊन घरी गेला, कामाला लागला, आणि 1950 साली लिथियमच्याच विषबाधेने वारला. इतकी जुनी गोष्ट. तिच्यावर नवीन काय बोलायचं?

तर गच्चीवर तिसऱ्या दिवशी मला उलट्या झाल्या. जुलाब लागले. सगळे म्हणाले, ऊन लागलं. कैरीचं पन्हं दिलं, तळपायाला कांदा चोळला. जिना उतरताना मी प्यायल्यासारखा झुलत होतो आणि ‘पाणी’ म्हणताना ‘पा’ नीट निघत नव्हता. बायको एक शब्द बोलली नाही. तिने गोळ्यांच्या दोन्ही पट्ट्या पदरात बांधल्या, रिक्षा बोलावली आणि रुग्णालयात डॉक्टरसमोर त्या टेबलावर ठेवल्या. तिथल्या पोरसवदा डॉक्टरने पट्ट्या बघितल्या आणि रक्त काढलं. लेव्हल निघाली 1.9. सलाईन लागलं, गोळ्या थांबल्या, चार दिवस पडून होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. आवाजात खरीच काळजी होती. म्हणाले, ‘अहो, हात एवढे कापत होते तर आधी सांगायचं ना!’

मी म्हटलं, ‘बरं आहे, साहेब.’

जूनमध्ये पुन्हा जळगाव. या वेळी नाना नव्हते, बायको होती. तिच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं, दोन्ही बाजूंनी भरलेलं, आणि आत जाताच तिने ते उभ्यानेच वाचायला घेतलं. अंगणवाडीत शिकवते ती, मधे कुणी बोललेलं तिला चालत नाही. साहेब शेवटपर्यंत ऐकत राहिले. डोस बदलला, तपासण्यांची यादी लिहून दिली, डायक्लोफेनॅकवर लाल रेघ मारली. सगळं मिळून नऊ मिनिटं लागली. बाहेर लोक कुरकुरत होते.

निघताना बाकाच्या टोकाला पारोळ्याकडचे एक आप्पा बसले होते. हातात चहा, आणि बशीत कप किणकिण किणकिण वाजत होता. मी विचारलं, ‘साहेबांना सांगितलं का हे?’

‘कशाला?’ ते म्हणाले. ‘आपण पाहुण्याला घेऊन आलोय.’