‘शफलबॉटम’ हे थट्टेतून आलेलं आडनाव नाही

इंग्रजांच्या ‘विचित्र’ आडनावांच्या याद्या समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षं फिरत आहेत. शफलबॉटम, साइडबॉटम, रॅम्सबॉटम, विंटरबॉटम ही मंडळी त्यांत हमखास असतात. खाली खुलासा असतो, तो साधारण असा: इंग्रजांना पूर्वी आडनावंच नव्हती, जनगणना सुरू झाली तेव्हा कारकुनांनी सुचतील ती नावं लोकांना चिकटवली. ‘बॉटम’ म्हणजे पार्श्वभाग. शफलबॉटम म्हणजे पाय घासत, ढुंगण हलवत चालणारा. हे आडनाव लावणारे सगळे त्याच एका माणसाचे वंशज. आणि पुढच्या पिढ्यांनी लाजेपोटी नावं बदलली, म्हणून ती आता संपत आली आहेत.

यातली पहिली तीन विधानं सरळ चूक आहेत, चौथं अर्धवट आहे, आणि पाचव्यात एक खरा आकडा भलत्याच कामाला जुंपला आहे.

‘जनगणनेच्या कारकुनांनी नावं दिली’

इंग्लंडमधली पहिली जनगणना १८०१ची. तिच्यात डोकी मोजली गेली. प्रत्येक माणसाचं नाव लिहून ती पानं राष्ट्रीय पातळीवर जपायची पद्धत १८४१पासून सुरू झाली. शफलबॉटमचं मूळ असलेलं ठिकाण ‘शिपेवालेबॉथेम’ अशा रूपात १२८५ सालच्या नोंदीत सापडतं. म्हणजे हे नाव कारकुनापेक्षा साडेपाचशे वर्षांनी मोठं आहे.

मधल्या काळातही कागद भरपूर आहेत. १३७७, १३७९ आणि १३८१चे डोईपट्टीचे कर झाले. १५३८पासून आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने प्रत्येक पॅरिश चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या सुरू झाल्या. १ जुलै १८३७पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी आली. यांपैकी कशानेही कुणावर आडनावाची सक्ती केलेली नाही, तसा कायदाच इंग्लंडात झालेला नाही. आडनावं वंशपरंपरेने चालत राहणं दक्षिणेत आधी रुळलं, लँकशर-यॉर्कशरकडे जरा उशिरा. कारकुनाने नाव दिलं नाही, स्पेलिंग मात्र मनसोक्त बिघडवलं. त्याचा हिशोब पुढे येतो, कारण खरी गडबड तिथेच आहे.

‘बॉटम म्हणजे पार्श्वभाग’

आजच्या इंग्रजीत हो. पण शरीराच्या भागासाठी हा शब्द वापरल्याची नोंद अठराव्या शतकाच्या अखेरीची आहे. आडनावांतला ‘बॉटम’ त्याच्या कितीतरी आधीचा. जुन्या इंग्रजीत ‘बोट्म’ आणि त्याचंच दुसरं रूप ‘बोथ्म’ म्हणजे तळ, आणि डोंगराळ मुलखात खोऱ्याचा सपाट तळ. लँकशर, चेशर आणि यॉर्कशरचा पश्चिम भाग यांच्या मधोमध पेनाइन डोंगररांगा आहेत. त्यांच्या उतारांवर अरुंद घळी, तळाला ओढा, ओढ्याकाठी एखाददुसरं शेत किंवा वाडी. मोठं एकवटलेलं गाव नसल्यामुळे माणसाची ओळख त्या वाडीवरूनच होई. आपल्याकडच्या ‘-कर’ आडनावांसारखीच ही गोष्ट, फक्त इंग्रजीने शेवटी प्रत्यय लावला नाही, वाडीचं नाव जसंच्या तसं माणसाला चिकटलं.

रॅम्सबॉटम हे गाव आजही आहे, बरी शहराच्या उत्तरेला अर्वेल नदीच्या खोऱ्यात. १३२४च्या नोंदीत ते ‘रोम्सबोथम’ असं येतं. अर्थ ‘मेंढ्याचं खोरं’ किंवा ‘रानलसणीचं खोरं’. अभ्यासक दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवतात, कारण त्या काळच्या स्पेलिंगवरून ‘रॅम’ (मेंढा) आणि ‘ह्रॅम्सा’ (रानलसूण) वेगळे काढता येत नाहीत. साइडबॉटममधला ‘साइड’ म्हणजे बाजू नव्हे, जुन्या इंग्रजीत ‘सीड’ म्हणजे रुंद. विंटरबॉटम म्हणजे हिवाळ्यात गुरं चारायचं खोरं. रोबॉटम म्हणजे खडबडीत खोरं. लाँगबॉटमचा अर्थ सांगायची गरज नाही.

आता मजेशीर भाग. ‘बोथ्म’ या दुसऱ्या रूपातून आलेलं आडनाव म्हणजे बोथम. फेब्रुवारी १९८०मध्ये वानखेडेवरच्या ज्युबिली कसोटीत इयन बोथमने शतक ठोकलं आणि तेरा बळी घेतले. तेव्हा त्याच्या आडनावावर कुणी हसलं नाही. इंग्लंडचाच गोलंदाज रायन साइडबॉटम खेळायला यायचा तेव्हा मात्र समालोचनाखालच्या प्रतिक्रियांत कोट्या सुरू व्हायच्या. शब्द एकच, खोरं तेच.

‘शफल म्हणजे पाय घासत चालणं’

हा तर्क आजच्या शब्दकोशातून केलेला आहे, आणि आडनावांच्या बाबतीत तो जवळपास नेहमीच फसतो. नियम साधा आहे: सर्वांत जुनं उपलब्ध रूप आधी पाहायचं, आजचं रूप शेवटी. ‘शिपेवालेबॉथेम’चे तुकडे पाडले तर मेंढी, झरा आणि खोऱ्याचा तळ असे तीन शब्द हाती येतात: मेंढ्यांच्या झऱ्याचं खोरं. ठिकाण बरीजवळचंच.

मग ‘शिपेवाले’चं ‘शफल’ कसं झालं? बोलताना मधला ‘वा’ झिजला आणि ‘शिपर’ झालं. शिपरबॉटम हे रूप आजही आडनावांत आहे. माणसं वाडी सोडून चार कोस दूर गेली, तिथे ती वाडी कुणी पाहिलेली नव्हती. ऐकणाऱ्याच्या कानाला ‘शिपर’ निरर्थक वाटलं, मग त्याने जवळचा ओळखीचा शब्द बसवून टाकला. लिहिणारा पाद्री, बोलणारा निरक्षर, आणि ‘असं लिहा’ म्हणून दुरुस्त करणारं कुणीच नाही. त्यातून शफलबॉटम, शफलबॉथम, शूबॉटम अशी भावंडं जन्माला आली.

याच वाटेने हिगिनबॉटम आलं. त्याचं मूळ सहसा बोल्टनजवळच्या ओकनबॉटमशी जोडलं जातं, म्हणजे ओकच्या झाडांचं खोरं. ‘ओकन’च्या जागी रिचर्डचं लाडकं रूप असलेलं ‘हिगिन’ येऊन बसलं. हे आडनाव भारतातही परिचयाचं आहे. १८४४ साली मद्रासमध्ये सुरू झालेलं हिगिनबॉथम्स हे पुस्तकांचं दुकान आणि १९१०मध्ये सॅम हिगिनबॉटम यांनी अलाहाबादला काढलेली कृषी संस्था, दोन्हीकडे हेच नाव. एकाचं स्पेलिंग ‘बॉथम’, दुसऱ्याचं ‘बॉटम’. या दोन स्पेलिंगांवरून त्यांना दोन वेगळी आडनावं समजणं ही पुढच्या सगळ्या मोजणीतली पहिली चूक.

‘सगळे एकाच माणसाचे वंशज’

दुर्मीळ आडनावाबाबत हे अगदीच हवेतलं नाही. लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६मध्ये समान आडनाव असलेल्या, पण एकमेकांशी ज्ञात नातं नसलेल्या पुरुषांच्या १५० जोड्या घेऊन बापाकडून मुलाकडे जाणारं वाय-गुणसूत्र ताडून पाहिलं. सुमारे २४ टक्के जोड्यांत सामाईक पूर्वजाची खूण मिळाली, आणि आडनाव जितकं दुर्मीळ तितकं हे प्रमाण वाढत गेलं. स्मिथसारख्या नावात मात्र दोन स्मिथ हे रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांइतकेच परके निघाले.

तरीही ‘सगळे’ हा शब्द टिकत नाही. एकाच वाडीतून दोन वेगळ्या घरांतली माणसं बाहेर पडली तर दोघांनाही तेच नाव मिळणार. शिवाय दत्तक, आईचं आडनाव घेतलेली मुलं, विवाहबाह्य जन्म यांमुळे आडनाव आणि वाय-गुणसूत्र यांची साथ तुटते. समजा दर पिढीत फक्त २ टक्के वेळा अशी ताटातूट होते. वीस पिढ्यांनंतर मूळ गुणसूत्र टिकवून असलेल्या शाखा ६७ टक्क्यांच्या आसपास उरतात. म्हणजे नाव तेच असूनही तिघांपैकी एकाची चाचणी ‘जुळत नाही’ असं सांगणार, आणि त्यावरून तो ‘खोटा शफलबॉटम’ ठरत नाही.

याच विधानाच्या आधारावर ‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ छापलेले कप आणि फ्रेमा विकल्या जातात. इंग्लंडात चिन्ह आडनावाला मिळतच नाही. कॉलेज ऑफ आर्म्स ही कुलचिन्हं देणारी अधिकृत संस्था ते एका व्यक्तीला देते आणि तिच्या पुरुषवंशातल्या वारसांना ते लावता येतं. कप चहासाठी ठीक आहे.

‘लाजेने बदलली, म्हणून संपली’

इथे एक खरा आकडा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले रिचर्ड वेबर यांनी १८८१ची जनगणना आणि २००८ची आकडेवारी ताडून पाहिली तेव्हा शफलबॉटम लावणारे सुमारे ४० टक्क्यांनी घटलेले दिसले. त्याच काळात ब्रिटनची लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली, तेव्हा लोकसंख्येतल्या वाट्याच्या हिशोबाने घट ७० टक्क्यांच्या घरात जाते. फिरणाऱ्या मजकुरात हे दुसरं गणित नसतं, खरं तर ते त्यांच्याच बाजूचं आहे.

काहींनी थट्टेला कंटाळून नाव बदललं असणार, यात शंका नाही. पण ‘घट म्हणजे लाज’ हे समीकरण मांडण्याआधी तीन गोष्टी वजा कराव्या लागतात.

पहिली, स्पेलिंग. शफलबॉटमचा शफलबॉथम झाला की एक रकाना घटतो आणि शेजारचा वाढतो, माणूस जागेवरच असतो. ‘बॉटम’ टाळून ‘बॉथम’ लिहिण्यात संकोच असेलही, पण ते आडनाव मरणं नव्हे.

दुसरी, स्थलांतर. लँकशरच्या कापड गिरण्यांच्या पट्ट्यातून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेलेली कुटुंबं ब्रिटनच्या मोजणीतून गळतात.

तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित: निव्वळ योगायोग. फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४मध्ये हे गणित मांडलं. समजा प्रत्येक पुरुषामागे सरासरी एक मुलगा मोठा होऊन वंश चालवतो, पण कुणाला एकही नाही, कुणाला तीन, अशी यदृच्छेने वाटणी होते. पहिल्याच पिढीत सुमारे ३७ टक्के शाखा खुंटतात. पाचव्या पिढीपर्यंत ७३ टक्के, दहाव्यापर्यंत ८४ टक्के. कुणीही लाजलेलं नाही, कुणी अर्ज केलेला नाही, तरी दहापैकी आठ शाखांचं नाव गेलं. ज्या आडनावाच्या मुळातच मोजक्या शाखा होत्या, त्याला ही गळती जास्त जाणवते.

नाव बदलल्याच्या कागदांवरूनही लाजेचं माप घेता येत नाही. इंग्लंडात दुसरं नाव वापरायला लागणं एवढंच कायद्याला पुरेसं असतं. डीड पोल हा पुराव्यासाठी केलेला दस्त, आणि तो न्यायालयात नोंदवणं ऐच्छिक. बहुतेक जण नोंदवत नाहीत. त्यामुळे नोंदलेल्या दस्तांची संख्या ही बदलांची संख्या नव्हे.

स्वतः मोजायचं असेल तर

फ्रीबीएमडी या विनाशुल्क सूचीत १८३७पासूनच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी तिमाहीनुसार मिळतात. पूर्ण आडनाव टाइप करू नये. सुरुवातीची ‘एस-एच’ ही दोन अक्षरं, मग तारांकन, मग ‘बी-ओ-टी’, मग पुन्हा तारांकन. यात शिपर, शफल, शू आणि शेवटचे टॉम-थम सगळे एकत्र येतात. नको ती नावंही येतील, ती हाताने वगळावीत. ‘मार्च तिमाही’ हा नोंदणीचा काळ असतो, जन्माचा नव्हे. डिसेंबरअखेर जन्मलेलं मूल पुढच्या वर्षात सापडू शकतं.

मग १८८१ची जनगणना, हीदेखील विनाशुल्क शोधता येते. इथे प्रत्येकाचं जन्मस्थान दिलेलं असतं. राहण्याच्या जागेवरून नव्हे, जन्मस्थानावरून गट करावेत, नाहीतर मँचेस्टरमध्ये कामाला आलेला प्रत्येक जण मँचेस्टरचा ठरतो.

नुसती संख्या मोठ्या शहरांच्या बाजूने झुकते, म्हणून प्रमाण काढायचं. उदाहरणासाठी कल्पित आकडे घेऊ: देशात २ कोटी ६० लाख लोकांत ५२० जण, म्हणजे ५०,०००त एक. एका जिल्ह्यात १ लाख २० हजारांत ६० जण, म्हणजे २,०००त एक. जिल्ह्याचं प्रमाण देशाच्या २५ पट. शेजारच्या जिल्ह्यांत हाच आकडा काढत गेलं की तो कुठे चढतो आणि कुठे उतरतो ते दिसतं. आकडा जिथे सर्वांत जास्त भरतो, त्या जागेभोवती जुन्या तपशीलवार नकाशावर ‘बॉटम’ने संपणारं शेत किंवा वाडी शोधायची.

आजच्या संख्येसाठी इंग्लंड-वेल्सची २००२ची सरकारी आडनाव-यादी बरीच वापरली जाते. तिच्यात पाचपेक्षा कमी नोंदी असलेली नावं वगळलेली आहेत, आणि ती आरोग्यसेवेच्या नोंदींवरून केलेली असल्यामुळे मरण पावलेले किंवा परदेशी गेलेले काही जण तिच्यात राहून गेले आहेत. त्या यादीत एखादं स्पेलिंग नसलं तर ते लावणारे पाचांहून कमी नोंदले गेले, एवढाच निष्कर्ष निघतो. ‘नामशेष’ लिहिण्याआधी त्याची बाकीची स्पेलिंगं त्याच यादीत तपासावीत.